संगणकाच्या नव्या आवृत्त्या आणि आपली देवनागरी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत यांवर रसाळ व्याख्याने झाल्यानंतर आज संगणकाच्या संचालन प्रणालीसारखा विषय यावा, हे पुरणपोळीच्या पंगतीत कारल्याची भाजी वाढण्यासारखे आहे, याची मला कल्पना आहे. कारल्याचे गुण सांगणारे आपल्याकडे पुष्कळ. आवडीने खाणारे थोडे. तरीही कार्यकारिणीने हा विषय मुद्दाम निवडला, त्याला सबळ कारण आहे. मंडळाच्या गेल्या तीस वर्षांतील स्मरणिका, इतिवृत्ते आणि सभासदांच्या याद्या संगणकावर तयार झालेल्या आहेत, आणि त्यांतील जुन्या याद्या व लेख आज उघडून पाहिले, तर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा अर्थहीन खच दिसतो. असे का झाले आणि त्यावर उपाय कोणता, हे समजून घ्यावयाचे असेल, तर संचालन प्रणालीच्या आवृत्त्या बदलताना आत नेमके काय सुधारत गेले, हे पाहावे लागते.

मी कला शाखेचा पदवीधर आहे आणि माझी सारी नोकरी सरकारी टिपणे व मसुदे लिहिण्यात गेली. यंत्रावर रोज मराठी, हिंदी आणि इंग्रजी लिहिणाऱ्या माणसाच्या दृष्टीनेच मी हा विषय मांडणार आहे. अभियंत्यांच्या परिभाषेला मी शक्यतो हात लावणार नाही.

प्रथम संचालन प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, ही काय वस्तू आहे? आपल्या मंडळाच्या सभागृहाचा दाखला घेऊ. येथे नाटक होते, हळदीकुंकू होते, गणेशोत्सव होतो, वाचनालय चालते. कार्यक्रम वेगवेगळे, परंतु वीज, पाणी, खुर्च्या, किल्ल्या आणि कोणत्या वेळी कोणाला दालन द्यावयाचे, याची व्यवस्था एकच. संगणकात पत्र लिहिण्याचा, हिशेबाचा, चित्रांचा असे अनेक कार्यक्रम असतात. त्या सर्वांना पडदा, कळफलक, छपाईयंत्र आणि साठवणीची जागा पुरविणारी जी सामाईक व्यवस्था, ती संचालन प्रणाली. सभागृहात विजेच्या तारा एकदा नीट घातल्या, की प्रत्येक कार्यक्रमाला आपोआप उजेड मिळतो. तारा नसतील, तर प्रत्येकाने आपापली गॅसबत्ती घेऊन यावे लागते. ही गॅसबत्ती आपण लक्षात ठेवू. पुढे तिचे काम पडणार आहे.

प्रणालीची नवी आवृत्ती बाजारात आली, की तिच्या गुणांची मोठी जाहिरात होते. या गुणांचे दोन प्रकार असतात. काही सुधारणा दर्शनी असतात: रंग बदलतो, खिडक्यांचे कोपरे गोल होतात, बटणे डावीकडून मध्यभागी येतात. काही सुधारणा पायातल्या असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांच्यामुळे पूर्वी अशक्य असलेले काम शक्य होते. सामान्य माणूस पहिल्या प्रकाराने भुलतो किंवा चिडतो, आणि दुसरा प्रकार त्याच्या लक्षातही येत नाही. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे, की मराठीला ज्या सुधारणेने संगणकात घर मिळाले, ती दुसऱ्या प्रकारची होती. आणि तिचे आपण जे देणे लागतो, ते अद्याप फेडलेले नाही.

मायक्रोसॉफ्ट कंपनीची 'विंडोज ९५' ही आवृत्ती २४ ऑगस्ट १९९५ रोजी आली. तिच्या विक्रीसाठी परदेशांत मध्यरात्री दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. लोकांच्या लक्षात राहिले ते 'स्टार्ट' नावाचे बटण. परंतु पायात दोन मोठे बदल झाले होते. त्यापूर्वी कोणत्याही कागदाला, म्हणजे फाइलला, नाव द्यावयाचे ते आठ अक्षरांत आणि पुढे तीन अक्षरांच्या शेपटासह. 'गणेशोत्सवाचा जमाखर्च' असे नाव आठ रोमन अक्षरांत कोंबताना त्याचे जे होई, ते वर्षभराने लिहिणाऱ्यालाही ओळखता येत नसे. ९५ च्या आवृत्तीत हे नाव अडीचशेहून अधिक अक्षरांचे देता येऊ लागले.

दुसरा बदल याहून महत्त्वाचा. त्याआधीच्या विंडोजमध्ये एकाच वेळी अनेक कार्यक्रम उघडता येत; पण चालू कार्यक्रमाने आपण होऊन थांबून दुसऱ्याला वाव द्यावा, अशी अपेक्षा असे. सभेत एखाद्या वक्त्याने ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि तो सोडण्याची त्याची इच्छा नसली, म्हणजे काय होते, हे या सभागृहाला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. तेथेही तेच होई. एक कार्यक्रम अडला, की सारे यंत्र ठप्प. नव्या आवृत्तीत, निदान तिच्यासाठी नव्याने लिहिलेल्या कार्यक्रमांच्या बाबतीत, वेळ वाटून देण्याचा अधिकार अध्यक्षांनी आपल्या हाती घेतला. घंटा वाजली, की वक्त्याने थांबावयाचे. बटण सर्वांना दिसले. घंटा कोणाला दिसली नाही. पण यंत्र वारंवार बंद करून पुन्हा सुरू करण्याचा त्रास बटणाने कमी झाला नाही, तो घंटेमुळे कमी झाला.

आता देवनागरीकडे वळू. संगणकाला अक्षरे कळत नाहीत, त्याला फक्त आकडे कळतात. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो आणि कागद साठवताना ते क्रमांक साठवले जातात. पूर्वीच्या पद्धतीत अशा क्रमांकांसाठी एकंदर २५६ जागा होत्या आणि त्यांतील निम्म्या जागा रोमन लिपी, अंक व विरामचिन्हे यांनी व्यापलेल्या होत्या. आपल्या लिपीसाठी प्रणालीच्या पायात सोय अशी नव्हतीच.

ती सोय बाहेरून करण्याचा पहिला मोठा प्रयत्न आपल्याच देशात झाला. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये भारतीय लिप्यांसाठी 'जिस्ट' हे तंत्र विकसित झाले आणि १९८८ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या 'सी-डॅक' या संस्थेने ते पुढे नेले. संगणकाच्या पेटीत एक वेगळे कार्ड बसवावयाचे, म्हणजे पडद्यावर देवनागरी उमटे. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये 'इस्की' ही भारतीय लिप्यांची प्रमाण क्रमांकव्यवस्था जाहीर केली. कानडी, बंगाली, तेलुगू, देवनागरी या लिप्यांची वर्णमाला मुळात एकाच सांगाड्याची आहे, हे ध्यानी घेऊन रचलेली ती शहाणपणाची व्यवस्था होती. परंतु कार्ड ज्या यंत्रात, तेथेच अक्षर. शेजारच्या यंत्रात कार्ड नसले, की अंधार. ही पहिली गॅसबत्ती.

दुसरी गॅसबत्ती स्वस्त होती आणि घरोघर पोहोचली. ती म्हणजे मराठी फॉण्ट, अर्थात अक्षरसंच. छपाईच्या व्यवसायात त्याने क्रांती केली, हे मान्य केलेच पाहिजे; आपल्या स्मरणिका त्याच काळात खिळ्यांच्या जुळणीतून सुटल्या. पण त्यातील युक्ती अशी होती, की रोमन अक्षरांच्याच जागांवर देवनागरीचे तुकडे नेऊन बसवावयाचे. संगणकाच्या समजुतीने आपण रोमन अक्षरेच लिहीत असू. फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवलेला असे. शिवाय कोणता तुकडा कोणत्या जागी ठेवावयाचा, हे प्रत्येक उत्पादकाने आपापल्या मताने ठरवले. एकाचा काना, तो दुसऱ्याचा रफार. तोच अक्षरसंच समोरच्याकडे नसेल, तर मुखवटा गळून पडे आणि आतली निरर्थक रोमन अक्षरे उघडी पडत. बदलीच्या नोकरीत मी हे पुष्कळदा पाहिले. एका कचेरीतून आलेला देवनागरी मसुदा दुसऱ्या कचेरीत उघडत नसे आणि अखेर तो छापून, टपालाने मागवून, येथे पुन्हा टंकलिखित करावा लागे.

याहून गमतीची गोष्ट यादीची. सभासदांची नावे अकारविल्हे लावावयास सांगितले, म्हणजे हे यंत्र ती मुखवट्याआडच्या क्रमांकांप्रमाणे लावी. आता पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, म्हणून त्या पद्धतीत ती आधी साठवली जाई. परिणामी चिटणीस, निमकर, पिंगळे आणि शिंदे ही चार कुटुंबे 'च', 'न', 'प', 'श' या आपापल्या जागा सोडून वेलांटीच्या मागे एका रांगेत उभी राहत. शोधाचीही तीच कथा. कागदावर मराठी छान दिसे. पण ते मराठी आहे, हे यंत्राला ठाऊकच नसे.

या कोड्यावरील उपाय म्हणजे 'युनिकोड'. जगातील सर्व लिप्यांतील प्रत्येक अक्षराला एकच, कायमचा आणि सर्वांनी मान्य केलेला क्रमांक द्यावयाचा, ही त्यामागची कल्पना. १९९१ मध्ये निघालेल्या त्याच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग मिळाला आणि त्याची मांडणी आपल्या 'इस्की'च्या १९८८ सालच्या मसुद्यावरून घेतलेली होती. 'क' या अक्षराचा क्रमांक २३२५. तो कोल्हापुरात तोच, कोलकात्यात तोच आणि कॅनडातही तोच. जोडाक्षरांना वेगळे क्रमांक नाहीत. 'क्ष' लिहावयाचा, तर 'क', हलन्ताचे चिन्ह आणि 'ष' एवढेच साठवावयाचे. वेलांटीसुद्धा उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे 'क'च्या नंतर, साठवली जाते. आपल्या पूर्वजांनी वर्णमाला उच्चारावर बेतली. यंत्रानेही अखेर तोच न्याय मान्य केला, ही मला मोठी समाधानाची बाब वाटते.

परंतु क्रमांक दिला, म्हणून अक्षर उमटत नाही. साठवलेले आहे 'क' आणि नंतर वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसली पाहिजे. साठवलेले आहेत 'क', हलन्त आणि 'ष'. दिसला पाहिजे 'क्ष'. रफार तर मागच्या वर्णाचा असून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. हे जुळणीचे काम पूर्वी छापखान्यातील कुशल जुळारी करीत असे. आता ते कोणी करावयाचे? प्रत्येक कार्यक्रमाने स्वतंत्रपणे करावयाचे ठरवले, तर पुन्हा गॅसबत्तीच. ते काम संचालन प्रणालीनेच आपल्या अंगावर घेतले पाहिजे होते.

१७ फेब्रुवारी २००० रोजी आलेल्या 'विंडोज २०००' या आवृत्तीने ते घेतले. देवनागरी आणि तमिळ या दोन लिप्यांची जुळणी तिच्या पायात आली. जुळाऱ्याचे काम करणारा एक सामाईक विभाग, जोडाक्षरांचे नियम पोटात बाळगणारा अक्षरसंच, आणि 'इस्की'च्याच वर्णक्रमावर आधारलेला 'इनस्क्रिप्ट' कळफलक, अशी तिन्ही साधने प्रणालीबरोबरच मिळाली. त्या देवनागरी अक्षरसंचाचे नाव 'मंगल'. त्याची रचना मराठी कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांची. पुढे देशभरातील सरकारी कचेऱ्यांत हिंदीचा बहुतेक पत्रव्यवहार ज्या अक्षरांत दिसू लागला, ती अक्षरे एका मराठी कवीच्या हातची होती, हे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

या सुधारणेचे मर्म असे, की पत्रलेखनाच्या कार्यक्रमात देवनागरी आली, त्याच दिवशी ती पडद्याच्या इतर कोपऱ्यांतही आली. फाइलचे नाव देवनागरीत देता येऊ लागले. यादी अकारविल्हे लावता येऊ लागली. चिटणीस 'च'मध्ये आणि शिंदे 'श'मध्ये परत गेले. मजकुरात शब्द शोधता येऊ लागला. आणि मुख्य म्हणजे येथे लिहिलेले पत्र साताऱ्यास उघडले, तर तेथेही ते पत्रच राहू लागले.

मात्र पायातील सुधारणा घराघरांत पोहोचण्यास वेळ लागतो. विंडोज २००० ही मुख्यतः कचेऱ्यांसाठी होती. घरगुती यंत्रांवर त्या काळी ९५ च्या वंशातील आवृत्त्या चालत आणि त्यांच्या पायात ही सोय नव्हती. २५ ऑक्टोबर २००१ रोजी आलेल्या 'एक्स.पी.'ने दोन्ही वंश एकत्र केले आणि गुजराती, पंजाबी, कन्नड, तेलुगू या लिप्याही आणल्या. तरी एक अडचण उरली. भारतीय लिप्यांची सोय तीत होती, पण झोपलेली होती. ती जागी करण्यासाठी नियंत्रणाच्या एका आडबाजूच्या पानावर जाऊन खूण करावी लागे आणि मूळ तबकडी यंत्रात घालावी लागे. ज्याच्याकडे तबकडी नाही, किंवा ज्याला ती खूण ठाऊक नाही, त्याच्या लेखी संगणकाला मराठी येतच नसे. कितीतरी वर्षे आपल्या मुलांनी आजी-आजोबांना रोमन लिपीत मराठी पत्रे लिहिली, त्याचे एक कारण या न केलेल्या खुणेत आहे. जानेवारी २००७ मध्ये सर्वत्र विक्रीस आलेल्या 'व्हिस्टा' या आवृत्तीत ही सोय प्रथमपासून जागी ठेवण्यात आली. व्हिस्टा इतर बाबतींत फारशी लोकप्रिय झाली नाही आणि तिच्यावर टीकाही पुष्कळ झाली. परंतु मराठी माणसाने तिच्या खाती ही एक जमा दाखवलीच पाहिजे. न मागता मिळते, तीच खरी सोय.

यानंतरचा तपशील मराठीच्या खास गरजांचा आहे. हिंदीहून मराठीच्या गरजा काही ठिकाणी वेगळ्या आहेत. 'आचार्यांना' पाचारण करणे वेगळे आणि 'आचाऱ्यांना' पाचारण करणे वेगळे. एक प्रवचनासाठी येतील, दुसरे जिलबीसाठी. हा अर्ध्या 'र'चा भेद हिंदीत नाही, म्हणून अनेक अक्षरसंचांत तो धड उमटत नसे. इंग्रजी शब्दांसाठी आपण वापरतो तो 'ॲ' युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून दाखल झाला, तो २००८ च्या ५.१ या आवृत्तीत. तोवर 'अ'वर चंद्र ठेवून काम भागवावे लागे. ज्यांनी तसे लिहून ठेवले आहे, त्यांचा 'ॲ' आणि आजचा 'ॲ' डोळ्यांना सारखे दिसतात, पण शोध घेताना यंत्र त्यांना दोन निरनिराळी अक्षरे समजते. रुपयाचे नवे चिन्ह भारत सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले. त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये आले आणि नंतरच्या सुधारणांमधून संगणकावर उमटू लागले.

कळफलकाचीही प्रगती झाली. इनस्क्रिप्ट शास्त्रशुद्ध आहे आणि एकदा हाताला वळण पडले, की त्याच्यासारखा वेग नाही. परंतु ज्याचे शिक्षण इंग्रजी माध्यमात झाले, त्याला ते वळण परके वाटते. 'विंडोज १०'च्या मे २०१९ च्या सुधारणेत मराठीसह दहा भारतीय भाषांसाठी उच्चारानुसारी कळफलक देण्यात आले. रोमन अक्षरांत 'आई' लिहावे आणि पडद्यावर देवनागरीत 'आई' उमटावे, अशी ती रीत. काही शुद्धलेखनप्रेमी मंडळींना ही तडजोड रुचत नाही. मला विचाराल, तर इंदूर, हैदराबाद वा दिल्ली येथे वाढलेल्या आपल्या नातवंडांनी रोमन कळा दाबून का होईना, देवनागरीत लिहिलेले पत्र मी दोन्ही हातांनी घेईन. अक्षर डोळ्यांसमोर राहिले, तर वळण केव्हाही शिकवता येते. अक्षरच डोळ्यांआड झाले, तर शिकवावयाचे काय?

आता नाण्याची दुसरी बाजू. पाया नव्याने बांधताना जुना जिना काढावा लागतो. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेली 'विंडोज ११' ही आवृत्ती केवळ ६४ बिटांच्या यंत्रांसाठी आहे, आणि अशा आवृत्त्यांवर १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील सोळा बिटांचे कार्यक्रम चालत नाहीत. सुरक्षेसाठी तिला विशिष्ट चिप लागते. ती नसलेली अनेक धडधाकट यंत्रेही तिला चालत नाहीत. आणि 'विंडोज १०'चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. याचा अर्थ असा, की जी जुनी यंत्रे आजवर कोपऱ्यात चालू होती, ती देशभर झपाट्याने मोडीत निघत आहेत. त्या यंत्रांबरोबर जुने जुळणीचे कार्यक्रम जातील आणि जुने अक्षरसंचही जातील. आपल्या स्मरणिकांच्या जुन्या फाइलींचा मुखवटा ज्या थोड्या यंत्रांवर अजून शाबूत आहे, ती ही यंत्रे आहेत.

श्रोतेहो, आपल्या मंडळाच्या या पन्नास वर्षांत पहिल्या काळातील कागद हस्तलिखित आहेत. त्यांना कसर लागली, तरी ते वाचता येतात. अलीकडचे कागद युनिकोडमध्ये आहेत. तेही वाचता येतात. धोक्यात आहे तो मधला काळ. ज्या पिढीने या शहरात वर्गणी गोळा करून ही वास्तू उभी केली, तिच्या आठवणी, तिच्या मृत्युलेखांतील दोन ओळी, रौप्यमहोत्सवी नाटकाची नटमंडळी, हा सारा ठेवा मधल्या काळात आहे. हस्तलिखितांहून तो नवा असूनही अधिक नाशवंत ठरला, ही काळाची विचित्र रीत आहे.

उपाय अवघड नाही. चिकाटी मात्र हवी. पहिली गोष्ट, जुने यंत्र भंगारात देण्यापूर्वी त्यातील सर्व फाइली आणि त्यांच्यासोबतचे अक्षरसंच दोन ठिकाणी उतरवून घ्यावेत. अक्षरसंच कोणता हे कळले, की अर्धे काम झाले. दुसरी गोष्ट, जुन्या अक्षरसंचातील मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने उपलब्ध आहेत. त्यांचा उपयोग करावा, पण त्यांवर विसंबू नये. अर्धा 'र', रफार आणि वेलांटी या ठिकाणी ती हमखास अडखळतात. म्हणून तिसरी गोष्ट, बदललेला मजकूर छापील स्मरणिकेशी ताडून पाहावा. येथे आपल्या ज्येष्ठांची गरज लागेल. यंत्र चालविणे नातवाचे काम आणि शुद्धलेखन पाहणे आजीचे काम, अशी जोडी प्रत्येक घराने एका वर्षाच्या स्मरणिकेसाठी द्यावी. या निमित्ताने नातवाच्या डोळ्यांखालून दोनशे पाने मराठी जाईल, हा वरचा लाभ.

चौथी गोष्ट, ज्यांनी मजकूर चित्ररूपाने किंवा जुन्याच अक्षरसंचासह पी.डी.एफ. करून ठेवला आहे, त्यांनी निश्चिंत राहू नये. तो दिसतो, हे खरे. पण त्यात नाव शोधू जाल, तर सापडणार नाही. दिसणे म्हणजे जपणे नव्हे, हे आपण वर पाहिलेच.

वाचनालयातील जी यंत्रे नव्या आवृत्तीला चालत नाहीत, ती सर्वच फेकून देण्याचे कारण नाही. 'लिनक्स' ही खुली प्रणाली जुन्या यंत्रांवर चालविता येते. आपल्या सी-डॅकनेही तिच्या आधारे २००७ मध्ये 'बॉस' ही भारतीय भाषांची सोय असलेली प्रणाली काढली होती. लिनक्सवर देवनागरी तशीच दिसते, कारण क्रमांक तेच आहेत. हाच पायातील सुधारणेचा सर्वांत मोठा गुण: मजकूर कोणत्याही एका कंपनीचा राहत नाही, तो लिहिणाऱ्याचा होतो.

तेव्हा पुढे कधी नव्या आवृत्तीचा गाजावाजा झाला, तर आपण तीन प्रश्न विचारावेत. आज जे मराठीत करता येत नाही, ते हिच्यामुळे करता येईल काय? ती सोय न मागता मिळेल, की कोठे खूण करावी लागेल? आणि हिच्यासाठी आपला कोणता जुना जिना काढला जाणार आहे? पहिल्या दोहोंची उत्तरे समाधानकारक असली, तर नवी आवृत्ती खुशाल घ्यावी. परंतु तिसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत जुने यंत्र हलवू नये.

महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांची मराठी बाजारात, कचेरीत किंवा शाळेत आपोआप कानी पडत नाही. ती घरात बोलली, तर टिकते आणि लिहिली, तर पुढे जाते. लिहिण्याची सोय यंत्राच्या पायात आता झाली आहे. ती करण्यात आपल्या देशातील संशोधकांचा आणि एका मराठी अक्षरशिल्पीचा हात आहे. त्या पायावर आपला मधल्या काळातील ठेवा उचलून ठेवण्याचे काम तेवढे आपले आहे. कार्यकारिणीने या वर्षीच एक छोटी समिती नेमून ते हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे. शुद्धलेखन तपासण्यासाठी पहिले नाव माझे लिहून घ्यावे.